शाळेची फी आणि रुग्णालयाच्या खाटा
(नभोवाणीवरील भाषण)

बारावीच्या परीक्षेचे निकाल लागले, की आमच्या घरी येणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढते. मी निवृत्त परिचारिका. उमेदीची पहिली वर्षे रुग्णालयाच्या वॉर्डांत गेली आणि पुढची परिचारिकांना शिकविण्यात गेली. इंदूरसारख्या शहरात मराठी घरांची एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. तेथे अशी बाई कोणाच्या ना कोणाच्या परिचयातली निघतेच. मग कोणी आपल्या मुलीला घेऊन येतो, कोणी भाचीला, तर कोणी शेजाऱ्याच्या मुलीला. हातात दोन-तीन गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रके असतात आणि ओठांवर ठरलेला प्रश्न असतो : "बाई, यांतले स्वस्त कोणते आणि चांगले कोणते ?"

प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर एकदा मी घाईने दिले आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली. आजच्या भाषणाचे निमित्त तेच आहे. म्हणून आधी ती हकीकत सांगते.

२०२० सालची गोष्ट. आमच्या ओळखीतली एक मुलगी बी.एस्‌सी. नर्सिंगला जाऊ इच्छीत होती. वडील हयात नव्हते. थोरल्या भावाने स्वतःचे शिक्षण अर्धवट टाकून एका कापडदुकानात नोकरी धरली होती, ती बहिणीला शिकविण्यासाठी. घरापासून जवळ, फी इतरांपेक्षा कमी आणि शेवटी पदवी, असे एक कॉलेज त्यांनी निवडून आणले होते. मी माहितीपत्रक चाळले. मान्यतेचा क्रमांक छापलेला दिसला, इमारतीचे चित्र दिसले. "ठीक आहे, घाला," असे मी म्हटले. त्या कॉलेजचे रुग्णालय कोठे आहे, हे मी विचारले नाही. जाऊन पाहणे तर दूरच राहिले.

पुढे काय झाले ते मध्य प्रदेशातील वाचकांना आणि श्रोत्यांना ठाऊक आहे. नर्सिंग महाविद्यालयांना मिळालेल्या मान्यतांचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०२३ च्या आरंभी परीक्षांना स्थगिती मिळाली. न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाने एकेक महाविद्यालय तपासले, आणि २०२४ साली साठांहून अधिक महाविद्यालये अपात्र ठरून बंद झाली. कोठे शिक्षक कागदावरच होते, कोठे रुग्णालयच नव्हते. आमच्या त्या मुलीचे कॉलेज या यादीत होते. चार वर्षांचा अभ्यासक्रम जेव्हा संपावयाचा, तेव्हा तिची पहिल्या वर्षाची परीक्षा झाली. फीच्या पावत्या मात्र भावाने दर वर्षी नेमाने जपून ठेवल्या होत्या. त्या पावत्या घेऊन तो माझ्याकडे आला. मला त्याने एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर कदाचित मला थोडे बरे वाटले असते.

तेव्हापासून मी सल्ला देण्याची माझी रीत बदलली. "फी किती ?" हा प्रश्न मी आता अगदी शेवटी विचारते. पहिला प्रश्न असतो तो असा : "या शाळेच्या रुग्णालयात खाटा किती, आणि त्यांवर रुग्ण किती ?"

असे का, ते सांगते. परिचारिकेचे शिक्षण वर्गात अर्धेच होते. उरलेले अर्धे रुग्णाच्या खाटेशेजारी होते. नाडी कशी मोजावी हे पुस्तकात लिहिलेले असते. पण भीतीने उडणारी नाडी आणि रक्तस्रावाने क्षीण होत चाललेली नाडी यांतला भेद बोटांना कळावा लागतो, आणि तो शेकडो मनगटे हातात धरल्यावाचून कळत नाही. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने जी शाळा निघाली, ती रुग्णालयातच निघाली. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना या कामाची वाट दाखविली, तीही ससून रुग्णालयाच्या वॉर्डांतून. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उभे केले. परिचारिका तयार होऊ लागल्या त्या त्याच्या आश्रयाने. आधी रुग्णालय, मग शाळा, असा तो क्रम होता. अलीकडे पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा झाला आहे. आधी इमारत, मग प्रवेश, मग फी, आणि रुग्णालय सवडीने. सारी गफलत येथेच आहे.

म्हणून गेल्या वर्षी जेव्हा दुसरी एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा मी त्यांना म्हटले, "आज काही सांगत नाही. मंगळवारी सकाळी दहाला तयार राहा. आपण तिघेही पाहून येऊ."

हे गृहस्थ एका गिरणीच्या दुकानात हिशेब लिहितात. मुलीला बारावीला जीवशास्त्र होते, गुण अठ्ठावन्न टक्के. शासकीय महाविद्यालयासाठी राज्याची जी निवड परीक्षा असते, तीत थोड्या गुणांनी तिची संधी हुकली होती. येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगून टाकते. शासकीय महाविद्यालयात जागा मिळत असेल तर फार विचार करीत बसू नये. इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय घ्या, ग्वाल्हेरचे जयारोग्य घ्या, बडोद्याचे सर सयाजीराव रुग्णालय घ्या किंवा गोव्यात बांबोळीची परिचर्या शिक्षण संस्था घ्या. अशा मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या छायेत फी थोडी असते आणि रुग्णांना तोटा नसतो. कित्येक शासकीय शाळांत तर वर विद्यावेतनही मिळते. प्रश्न उरतो तो तेथे जागा न मिळालेल्यांचा, आणि त्यांची संख्या नेहमीच मोठी असते.

तर त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, शहरातलेच खासगी कॉलेज, बी.एस्‌सी. नर्सिंग, चार वर्षे, फी वर्षाला एक लाख. दुसरी, एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर असलेल्या जुन्या मिशन रुग्णालयाची शाळा, जी.एन.एम. म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, तीन वर्षे. वसतिगृह, जेवण, गणवेश, सारे धरून वर्षाला सत्तर हजार. वडिलांचा कल पहिलीकडे होता. मुलगी घरी राहील आणि नावापुढे पदवी लागेल. लग्नाच्या बाजारात पदवीला मान असतो, हेही त्यांनी आडवळणाने सुचविले.

या अभ्यासक्रमांविषयी घरोघर गोंधळ असतो, म्हणून थोडा खुलासा करते. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यातून गावच्या उपकेंद्रात काम करणारी सहायक परिचारिका-प्रसाविका तयार होते. जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका. बारावीला कोणतीही शाखा असली तरी चालते, मात्र इंग्रजी विषय हवा आणि निदान चाळीस टक्के गुण हवेत. बी.एस्‌सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र हवे, गुण पंचेचाळीस टक्के. आरक्षित वर्गांना गुणांत सवलत असते. जी.एन.एम. झालेल्या मुलीला पुढे दोन वर्षांत 'पोस्ट बेसिक' पदवी घेता येते. म्हणजे पदविकेची वाट पदवीपाशी पोचत नाही असे नाही. ती वळसा घेऊन पोचते. मी 'मुलगी' म्हणते ते सवयीने. मुलगेही आता या शिक्षणाकडे येतात आणि चांगले काम करतात.

मंगळवारी आम्ही शहरातले ते कॉलेज पाहिले. इमारत देखणी होती. प्रयोगशाळेत मेणाचे पुतळे, भिंतीवर शरीररचनेची चित्रे, सारे होते. मी म्हटले, "आता रुग्णालय दाखवा." तेथले गृहस्थ थोडे अडखळले, मग त्यांनी आम्हांला मागच्या बाजूस नेले. दारावर शंभर खाटांची पाटी होती. आत खाटाही होत्या. परंतु कित्येक गाद्यांवरचे प्लॅस्टिक अजून निघाले नव्हते. सकाळी साडेदहाची वेळ, म्हणजे कोणत्याही रुग्णालयात पाऊल ठेवावयास जागा नसावी अशी. आणि त्या लांबलचक दालनात एक वृद्ध गृहस्थ सलाईन लावून एकटे पडले होते. औषधांच्या कपाटाला कुलूप होते. किल्ली कोणाकडे आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

नियम काय सांगतो ? भारतीय परिचर्या परिषदेने नव्या संस्थेसाठी स्वतःचे शंभर खाटांचे रुग्णालय असावे असे ठरविले आहे. एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असे प्रमाण सांगितले आहे. एकूण खाटांपैकी निदान पंचाहत्तर टक्के खाटा भरलेल्या असाव्यात असेही म्हटले आहे. ही परिषद १९४७ च्या कायद्याने निर्माण झाली. तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याचा कायदा संसदेने २०२३ साली केला. पण नाव परिषद असो की आयोग, कागदावरच्या नियमाची शहानिशा शेवटी आपल्यालाच करावी लागते, आणि ती अवघड नाही. सुट्टी नसलेल्या दिवशी सकाळी दहाला जावे. बाह्यरुग्ण विभागात रांग आहे का, ते पाहावे. वॉर्डात गणवेशातल्या विद्यार्थिनी काम करताना दिसतात का, ते पाहावे. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना बाजूला घेऊन विचारावे : "ताई, तुम्ही स्वतःच्या हातांनी किती बाळंतपणे केलीत ? रात्रपाळी किती केली ? मागची परीक्षा वेळेवर झाली का ?" या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाहीत, आणि खरे-खोटे मुलींच्या चेहऱ्यावर लगेच कळते. त्याबरोबरच राज्य परिचर्या परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या यादीत त्या संस्थेचे नाव चालू वर्षासाठी आहे का, हेही पाहावे. गतवर्षीची मान्यता यंदा असेलच असे नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही रात्रीच्या गाडीने ती मिशनची शाळा पाहावयास गेलो. इमारत जुनी, भिंतींना ओल आलेली, वसतिगृहाच्या खोलीत चार-चार खाटा. वडिलांचा चेहरा उतरला. पण रुग्णालयाच्या ओसरीवर लोक दाटीवाटीने बसले होते, आणि वॉर्डात रिकामी खाट नव्हती. भाजलेल्या एका मुलाचे ड्रेसिंग चालले होते. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी ते करीत होती आणि जुन्या सिस्टर शेजारी नुसत्या उभ्या होत्या, एक शब्द न बोलता. मूल रडत होते. आमची मुलगी खिळून पाहत राहिली. मी मुद्दाम तिच्या तोंडाकडे पाहत होते, कारण पुष्कळ मुली अशा वेळी मान फिरवितात. तिने फिरविली नाही.

परतीच्या गाडीत वडिलांनी वही काढली. हिशेबनीसच ते. म्हणाले, "बाई, तुमचे रुग्णालय मान्य. आता पैशाचे बोला."

पैशाचे बोलणे टाळू नये. मुलीच्या शिक्षणाचा हिशेब करणे म्हणजे तिच्यावरचे प्रेम मोजणे, असा एक चुकीचा संकोच आपल्याकडे आहे. आम्ही हिशेब मांडला तो असा. कॉलेजचे वर्षाला एक लाख, ते केवळ शिकवणीचे. प्रवेशशुल्क, परीक्षाशुल्क, पुस्तके, गणवेश, रुग्णालयात जाण्या-येण्याचे बसभाडे, ग्रामीण भागात राहून करावयाच्या कामाचा खर्च आणि शेवटी नोंदणीची फी हे सारे वेगळे. माहितीपत्रकात पहिल्या पानावर असतो तो आकडा फीचा. कुटुंबाने मोजावयाचा आकडा असतो तो मुलीची नाव-नोंदणी होईपर्यंतच्या एकंदर खर्चाचा. तो लेखी मागून घ्यावा.

वडील कॉलेजसाठी बँकेचे कर्ज काढणार होते. शैक्षणिक कर्जाच्या सर्वसाधारण योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. हे ऐकावयास गोड आहे. परंतु व्याज थांबत नाही. समजा, दर वर्षी एक लाख याप्रमाणे चार लाख काढले आणि व्याजाचा दर शेकडा दहा आहे. सरळव्याजाने धरले तरी पहिल्या लाखावर पाच वर्षांचे पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस आणि चौथ्यावर वीस, असे १,४०,००० रुपये चढतात. फेड सुरू होते ती ५,४०,००० रुपयांपासून. दहा वर्षांत फेडावयाचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१०० रुपये होतो. आता मुलीला खासगी रुग्णालयात पहिला पगार पंधरा हजार मिळाला असे धरा. जवळजवळ निम्मा पगार हप्त्यात जातो. मग भाडे, जेवण आणि घरी पाठविण्याचे चार पैसे कोठून यावयाचे ? माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे, की हप्ता पहिल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नसावा. आणि पहिला पगार धरावयाचा तो कॉलेजच्या जाहिरातीतला नव्हे, तर गतवर्षी बाहेर पडलेल्या मुलींना प्रत्यक्षात मिळाला असेल तो.

मिशनच्या शाळेचा तीन वर्षांचा एकूण खर्च २,१०,००० रुपये. वडिलांजवळ शिल्लक दीड लाख. उरलेले साठ हजार, म्हणजे वर्षाला वीस हजार; ते पगारातून निभण्यासारखे होते. कर्जाची गरजच उरली नाही.

"पण पदवी नाही," वडील म्हणाले.

हा आक्षेप खोटा नव्हे. पदवीने काही दारे लवकर उघडतात. दिल्ली आणि वेल्लोर येथे १९४६ साली परिचर्येचे पदवी-शिक्षण सुरू झाले, तेव्हापासून शिक्षिका होण्याची आणि वरच्या पदांवर जाण्याची वाट पदवीतूनच जाते. एम.एस्‌सी. करावयाची तर पदवी हवीच. पण नोकरीच्या पहिल्या पायरीवर अंतर किती आहे, ते पाहा. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे आपण 'एम्स' म्हणतो त्या, भोपाळला आहेत, नागपूरला आहेत, हैदराबादजवळ बीबीनगरला आहेत. तेथील नर्सिंग ऑफिसर या पदासाठी देशभराची एक सामाईक परीक्षा होते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे या पदाचे आरंभीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे, भत्ते निराळे. या परीक्षेला बी.एस्‌सी. झालेली मुलगी नोंदणीनंतर लगेच बसू शकते. जी.एन.एम. झालेल्या मुलीला पन्नास किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे पहिली चार वर्षांनी पात्र होते आणि दुसरी पाच वर्षांनी. अंतर एका वर्षाचे. आणि त्या पाचांपैकी शेवटची दोन वर्षे दुसरी मुलगी पगार घेत असते. शिवाय परीक्षा उत्तीर्ण होण्यास जे ज्ञान लागते, ते रिकाम्या गाद्यांशेजारी उभे राहून येत नाही.

खासगी नोकरीविषयीही भ्रम नसावा. परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१६ साली त्या न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने शिफारस केली, की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या लहान रुग्णालयानेही महिना वीस हजारांहून कमी देऊ नये. शिफारस उत्तम होती, पण ती सर्वत्र अमलात आलेली नाही. म्हणून खर्च ठरविताना शिफारशीतला पगार धरू नये, हातात पडणारा धरावा.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक सूचना करते. पुष्कळांना वाटते, की मुलीला पुण्याला किंवा कोल्हापूरला मावशीकडे ठेवले, की तिकडच्या सवलती मिळतील. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. पण ती तेथील अधिवासी मुलींना. भाषा एक असली तरी अधिवासाचा दाखला वेगळा असतो. इंदूर, बेळगाव, बडोदे किंवा हैदराबाद येथील मुलीने आधी आपल्या राज्यातील शासकीय जागांचा आणि शिष्यवृत्तींचा शोध घ्यावा. शिक्षण एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्यात करावयाची असेल, तर दुसऱ्या राज्याच्या परिषदेकडे नव्याने नोंदणी करावी लागते, त्यात वेळ जातो. आणि राज्य सरकारच्या नोकरीत पुष्कळदा त्या राज्याची भाषाही यावी लागते. बेळगावच्या मुलीने मिरज-सांगलीला शिकावयास हरकत नाही. पण नोकरी कोठे करावयाची, याचा विचार प्रवेशाच्या दिवशीच करावा.

परदेशाचेही तसेच. अलीकडे कॉलेजे 'परदेशी नोकरीची हमी' असे ठळक अक्षरांत छापतात आणि त्या हमीचे पैसे फीत मिळवितात. इंग्लंडमध्ये नोंदणीसाठी आयेल्ट्स ही भाषेची परीक्षा दिली, तर वाचन, श्रवण आणि संभाषण यांत सात आणि लेखनात साडेसहा अंक मिळवावे लागतात. त्यानंतर व्यवसायाच्या परीक्षा निराळ्याच. जर्मनीला जावयाचे तर जर्मन भाषा सामान्यतः बी-२ पातळीपर्यंत यावी लागते. ही पात्रता कोणी विकत देऊ शकत नाही. ती मुलीलाच कमवावी लागते, आणि तिचा पाया पुन्हा भरलेल्या वॉर्डातला अनुभव हाच असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना सारे शिक्षण इंग्रजीत घेताना पहिले वर्ष जड जाते. त्यासाठी इंग्रजी सुधारण्यावर महिना दोन महिने खर्च करावेत; 'हमी'साठी पैसे देण्यापेक्षा तो खर्च शहाणपणाचा.

आणखी एक गोष्ट. प्रवेशाच्या वेळी मूळ गुणपत्रिका आणि दाखले कोणी ठेवून घेऊ पाहत असेल, किंवा शिक्षणानंतर अमुक वर्षे आमच्याच रुग्णालयात थोड्या पगारावर काम करावे असा करार पुढे करीत असेल, तर सही करण्यापूर्वी जाणत्या माणसाला दाखवावे. अडकून पडलेला दाखला हाही खर्चच आहे.

आता त्या मुलीकडे वळते. वडिलांची वही मिटली तरी निर्णय झाला नव्हता. पदवीचा मोह, मुलगी दूर जाण्याची धास्ती आणि घरच्या मंडळींचे मत, हे सारे मनात होतेच. गाडी देवासच्या पुढे आली तेव्हा मला जाणवले, की आम्ही दोघे वडीलधारी माणसे रात्रभर बोलत आहोत आणि जिला शिकावयाचे आहे तिला कोणीच काही विचारलेले नाही. मी तिला विचारले. ती म्हणाली, "बाई, त्या मुलाचं ड्रेसिंग झाल्यावर त्या ताईनं त्याचे डोळे पुसले, ते तुम्ही पाहिलंत का ? मला ते शिकायचंय. पदवी मी मागाहून घेईन."

वडील काही बोलले नाहीत. घरी गेल्यावर त्यांनी प्रवेशाचा अर्ज भरला. ती मुलगी आता दुसऱ्या वर्षात आहे. अधूनमधून दूरध्वनी करते. जेवण बेताचे आहे, रात्रपाळीने पाय दुखतात, मेट्रन फार कडक आहेत, अशा तक्रारी सांगते. त्या तक्रारी ऐकून मला समाधान वाटते, कारण खऱ्या रुग्णालयात शिकणाऱ्या प्रत्येक मुलीच्या तोंडी मी त्या ऐकल्या आहेत. परीक्षा तिची वेळेवर झाली.

आणि ती पहिली मुलगी ? न्यायालयाच्या आदेशांमुळे परीक्षांचा मार्ग मोकळा झाला. ती अजून शिकत आहे, नेटाने शिकत आहे. सकाळी ओळखीच्या एका डॉक्टरांच्या रुग्णालयात ती विनावेतन काम करते, हातांना सवय व्हावी म्हणून. ती व्यवस्था तेवढी मी करू शकले. तिची गेलेली वर्षे मात्र मला परत आणून देता येत नाहीत. स्वस्त म्हणून निवडलेले ते कॉलेज तिच्या घराला सर्वांत महाग पडले. एक वर्ष वाया जाते, तेव्हा त्या वर्षाची फी जाते, एका वर्षाचा पगार जातो आणि घरातल्या धाकट्या भावंडांची पाळीही एक वर्ष पुढे जाते. हा खर्च पावतीवर लिहिलेला नसतो.

श्रोतेहो, येत्या काही आठवड्यांत आपल्यापैकी कितीतरी घरांत अशी माहितीपत्रके पसरलेली असतील. महाग कॉलेज चांगलेच असते असे नाही, आणि स्वस्त कॉलेज वाईटच असते असेही नाही. फी भरण्यापूर्वी एक दिवसाची रजा काढा, मुलीला बरोबर घ्या आणि त्या शाळेच्या रुग्णालयात जाऊन भरलेल्या खाटा मोजा. मग घरी येऊन एकूण खर्च आणि पहिला पगार शेजारी-शेजारी लिहा. आणि शेवटी, आमच्याकडून राहून गेले होते तसे राहू देऊ नका, मुलीला विचारा.